टॉवरचा कागद

साध्या कपड्यातले दोन पोलीस हुडकेश्वर वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात येऊन बसले, तेव्हा पायलच्या हातातला कणकेचा गोळा हातातच राहिला. नवरा ड्यूटीवर गेलेला. घरात ती आणि तिची सासू तुळसाबाई, दोघीच.

त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाने फायलीतून मोबाइल टॉवरच्या नोंदींचा एक लांबलचक छापील कागद काढला.

"आजी, नऊ तारखेले सदर भागात मोर्चा होता. तुमचा मोबाइल सकाळी दहा वीसपासून चारपर्यंत तिथंच होता. मधात तीनदा सुनेले फोन केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सदर. काहून?"

ना नोटीस, ना परवानगी, मग हे सारं यांना कुणी दिलं, असं विचारायची पायलची छाती होईना.

"मोर्च्यात नाही जी साहेब, त्या तिथल्याच राशनच्या हापिसात गेल्या होत्या, दोन्ही दिवस. लाइन सरकून नाही राहिली, हेच सांगाले फोन केला," ती म्हणाली.

"हा कागद खोटं नाही बोलत," साहेब म्हणाला. "तुम्ही कुठं उठल्या, कुठं बसल्या, मिनिटामिनिटाचं आहे याच्यात."

तुळसाबाई उठल्या. आता या पाया पडतात की काय, असं पायलला वाटलं. पण त्यांनी चष्मा लावला, कागदावरचं आपलं नाव बोटाने नीट शोधलं, आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.


"साहेब, याची एक झेरॉक्स द्या न जी. त्या राशनच्या हापिसाच्या कागदात मी चार महिन्यांपासून मेली आहो."