नावांची यादी

“नावावरून शोधता येत नाही,” बंदुकांचा माग काढणाऱ्या सरकारी कचेरीतली बाई फोनवर म्हणाली. “बंदुकीचा नंबर द्या. कोणी घेतली ते सांगते.”

शेरीफ डगने स्पीकर चालू ठेवला होता. टेबलाच्या अलीकडे लाईल आणि व्हर्जिल बसले होते. लाईलचा मुलगा ट्रेव्हर आदल्या संध्याकाळी गाडी घेऊन निघून गेला होता. गेले कित्येक आठवडे तो कोणाशी धड बोलत नव्हता. जाताना मात्र त्याने आईला घट्ट मिठी मारली होती, आणि तेवढ्यानेच घरच्यांना नको ती शंका आली होती. लाईलने घरातलं कपाट उघडून पाहिलं. त्याच्या बंदुका जिथल्या तिथे होत्या. पोराने स्वतःची एखादी घेतली असेल का, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

“बावीस वर्षांचा बाप्या आहे,” डग म्हणाला. “रुसून गेला म्हणून राजधानीतून हेलिकॉप्टर कोणी देत नाही. जवळ बंदूक आहे असं दाखवता आलं, तर आत्ता मागवतो.”

व्हर्जिलने फोन स्वतःकडे ओढला. पंचक्रोशीत बंदुकांचं दुकान एकच होतं, ते त्याचं. “बाई, माझ्या दुकानाचे सगळे कागद तुमच्याकडे आहेत. मार्चमध्ये दुकान बंद केलं तेव्हा मीच खोकी भरून पाठवली. तुम्ही एक बटण दाबलंत की नाव येतं, मला माहितीये.”

“नाही येत हो. कोणाकडे काय आहे याची यादी सरकारने ठेवायचीच नाही, असा कायदा आहे. आमच्याकडे नुसते कागद आहेत. बंदूक सापडली तर तिच्या नंबरावरून माणूस शोधतो. माणसावरून बंदूक नाही शोधत.”

“खोटं बोलताय तुम्ही.”

“खरंच नाही, साहेब.” बाईचा आवाज मऊ झाला. “असती तर मी आत्ता बघितली असती.”

गिऱ्हाईक सही करायला वाकलं की व्हर्जिल त्याला ऐकवायचा, हा कागद म्हणजेच यादी, उद्या हीच घेऊन सरकारवाले बंदुका उचलायला तुमच्या दारात येतील. उभा जन्म त्याने हेच सांगितलं. सगळ्यांत जोरात मान डोलवायचा तो लाईल. आज आयुष्यात पहिल्यांदा व्हर्जिलला वाटलं, देवा, माझं म्हणणं खरं निघू दे.

“तुला नाही का आठवत?” लाईलने विचारलं.

“मी कुठे गल्ल्यावर असायचो? मी आपला मागच्या खोलीत कानस घासत. गिऱ्हाईक मार्लीनचं.”

मार्लीन त्याची बायको. जानेवारीत ती गेली आणि व्हर्जिलचं दुकानातून मनच उडालं. दुकानातून बंदूक नेणाऱ्या प्रत्येकाला ती नाताळला स्वतःच्या हाताने लिहून कार्ड पाठवायची. फक्त नेणाऱ्यालाच. पाद्रीबुवा दरवर्षी कुरकुरायचे, मला का नाही म्हणून. ती म्हणायची, आधी एक बंदूक तर घ्या.

“मग तिच्याकडे नावं असतील की,” डग म्हणाला. “कॉम्प्युटर वापरायची ना ती?”

लाईलने व्हर्जिलकडे पाहिलं. दुकान बंद केलं त्या दिवशी त्यांनी तो कॉम्प्युटर कुरणात नेऊन कुंपणाच्या खांबावर ठेवला होता आणि गोळ्या घालून त्याच्या चिंधड्या उडवल्या होत्या. सरकारला आयती यादी कशाला द्या. पहिली गोळी लाईलची होती. पोट धरधरून हसले होते दोघे.

“नाही राहिला तो,” लाईल म्हणाला.

डगकडे दोन गाड्या होत्या. त्याने दोन्ही पाठवल्या. मोंटानात दोन गाड्यांनी माणूस शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखंच. तिसऱ्या दिवशी जुन्या खाणीपाशी मेंढरं हाकणाऱ्या एकाला ट्रेव्हरची गाडी दिसली. पुढच्या सीटवर कॉफीचे रिकामे पेले पडले होते. पोरगं तिथे बराच वेळ बसलं होतं, मनाशी झगडत. आदल्या दुपारपर्यंत जिवंत होता, डॉक्टर म्हणाले. हेलिकॉप्टरला ती उघडी खाण तासाभरात दिसली असती.

मृतदेहाशेजारी पिस्तूल होतं. डगने त्याचा नंबर कळवला. उत्तर यायला अर्धा तासही लागला नाही. घेणाऱ्याचं नाव ट्रेव्हर रासमुसन. खरेदी गेल्या ऑक्टोबरातली. विकणाऱ्याच्या जागी मार्लीनची सही.

दफन झाल्यावर सगळे लाईलच्या घरी जमले. शेजारणींनी बटाट्याच्या, मक्याच्या पदार्थांची भांडी आणून ठेवली होती. कोणी हात लावत नव्हतं. लाईल मागच्या पायरीवर पाठ करून बसला होता. व्हर्जिलला त्याच्याजवळ जायचा धीर होईना. तो उगाच स्वयंपाकघरात शिरला. तिथे लाईलची बायको बॉनी एकटीच उभी होती.

“कॉफीत दूध हवं असेल तर फ्रीजमध्ये बघ,” ती म्हणाली.

फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाने दोन कार्डं लावली होती. दोन्हींवर बर्फात उभं असलेलं तेच हरीण. खाली मार्लीनचं तिरकं अक्षर. एकावर लाईलचं नाव. दुसऱ्यावर ट्रेव्हरचं.

व्हर्जिलचा हात दारावरच राहिला.

“तिची शेवटची कार्डं, काढवेनात मला,” बॉनी म्हणाली. “दरवर्षी आमच्याकडे एकच यायचं बघ. गेल्या नाताळला तिने आठवणीने पोरालाही पाठवलं.”