पंधरा अधिक एक

"गेले. पुन्हा सगळे गेले," टेलिफोनवाले म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

पंधरापर्यंत सगळं सुरळीत होतं. मशीनची बटणं खाली-वर केली की समोरचे दिवे बेरीज दाखवायचे. कुठला दिवा किती आकड्याचा, ते त्यांनी खाली कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून लिहिलं होतं. पण पंधरात एक मिळवला, की सोळाचा दिवा लागायचं सोडून होते तेही विझायचे.

"तेव्हाही असंच झालं होतं ना हो?" बायकोनं विचारलं.

"तेव्हाचं काढू नकोस."

तेव्हाचं म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वीचं. टेलिफोनच्या नोकरीत असताना त्यांनी आणि धाकट्या भावानं सुट्या चिपा, दिवे आणि तारा जोडून असाच कॉम्प्युटर घरी बनवला होता. जोडणीचा नकाशा थोरल्याचा, सोल्डरचे डाग धाकट्याचे. प्रदर्शनात शंभर माणसांसमोर पंधरात एक मिळवला आणि सगळे दिवे विझले.

"तुझे डाग कच्चे!" टेलिफोनवाले तिथंच भावावर ओरडले. "त्यात नकाशात नसलेली एक पिवळी तार मध्येच घुसडलीस! सकाळी दिसली म्हणून उपटून फेकली. आणखी कुठे कुठे लुडबूड केलीस, तुझं तुलाच ठाऊक!"

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. मागाहून केलेली दुरुस्ती पिवळ्या तारेनं करायची, ही त्याच्या कामातली शिस्त. त्या दिवशी तो अवाक्षर न बोलता निघून गेला. त्यानंतर दोघांमध्ये बोलणंच नाही.

निवृत्त झाल्यावर टेलिफोनवाल्यांनी त्या नकाशाची वही काढली. "नकाशा तोच. या खेपेला डाग सगळे माझे. मशीन चाललं की मी स्वतः त्याला फोन करीन. त्याआधी नाही."

"दोघंही साठी ओलांडून बसलात," बायको म्हणाली. "कोणासाठी ताणताय एवढं? आहे कोण आपल्याला दुसरं?"

पण ते हटले नाहीत. नोकरीतल्या निळ्या तारेचं एक रीळ घरात होतं, त्यातच सगळं मशीन जोडलं. बोटं भाजली, मान आखडली. बिघाड निघाला तेव्हा नकाशातली रेघ न् रेघ मशीनशी ताडून पाहिली, एकदा नाही, पाच वेळा. तिन्हीत्रिकाळ तेच. एक सोडून सगळ्या चिपा बदलून झाल्या. नकाशावर मात्र त्यांनी कधी शंका घेतली नाही. तो त्यांनी स्वतः काढला होता.

गुरुवारी बायकोनंच हुकूम सोडला. "या चष्म्यानं काय दिसणार कपाळ? आधी नंबर तपासून या. येताना तुमची ती उरलेली चिप आणा."

"उद्या जातो."

"आज. आत्ता."

कुरकुरत गेले. दोन तासांनी परतले, तेव्हा खोलीत सोल्डरचा वास होता; तो तर महिनाभर होताच. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातले होते. चपलाही न काढता त्यांनी नवी चिप बसवली, बटणं लावली. पंधरा. अधिक एक.

सोळाचा दिवा लागला.

त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग आणखी चार वेळा. लागतच होता. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"नंबर सांग त्याचा," ते म्हणाले. बायकोनं तोंडपाठ सांगितला.

"मी बोलतोय."

पलीकडून आवाज आला, "बोल, दादा."

"चाललं! तोच नकाशा, एक रेघ बदलली नाही. आता तरी कबूल कर. तुझे डाग कच्चे होते."

बायकोनं डोळे मिटून घेतले.

"होते, दादा. चुकलंच माझं."

टेलिफोनवाले भांडायच्या तयारीनं बसले होते. बत्तीस वर्षं घोकलेली उत्तरं जिथल्या तिथं राहिली. "रविवारी ये," ते कसंबसं म्हणाले. "जेवायलाच ये. मशीन दाखवतो."

"येतो की." धाकटा थोडा घुटमळला. "फक्त एक ऐकशील, दादा? या वेळी ती पिवळी तार तेवढी उपटू नकोस."