मथुराबाईचा फोटो

राणीसाहेबांची चौकट भिंतीवर चढली तेव्हा दिगंबर मास्तर दोन पावलं मागे सरले आणि समाधानाने हसले. गळ्यात मोत्यांचा कंठा, मागे रेशमी पडदा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. संस्थानं विलीन झाली आणि वाड्याहवेल्यांतले असले फोटो बुऱ्हाणपूरच्या भंगारात यायला लागले. मास्तरांच्या भिंतीवर आता राण्या, बॅरिस्टरांच्या बायका आणि मैफलीत गाणाऱ्या बाया शेजारी शेजारी नांदत होत्या.

गाव हसायचं. लग्न केलं नाही आणि भिंतीवर जनानखाना मांडलाय म्हणायचं. मास्तर मनावर घेत नसत. त्यांना खरं तर एकच फोटो हवा होता, आणि तोच सापडत नव्हता. त्यांच्या आईचा, मथुराबाईचा.

ती गेली तेव्हा मास्तर पाळण्यात होते. तिने हौसेने एकदाच फोटो काढून घेतला होता. मेलेल्या बाईचा फोटो घरात ठेवला तर तिचा जीव घरातच घोटाळतो, म्हणून आजोबांनी तो तिच्याबरोबर चितेवर ठेवला. एखादी प्रत कुठे उरली असेल या आशेने मास्तर भंगार धुंडाळू लागले आणि वाटेत राण्यांच्या नादी लागले. आईचा चेहरा आठवणारी आता तिची धाकटी बहीण, गोदामावशी, तेवढी उरली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ही आहे तोवर फोटो मिळाला पाहिजे, नाहीतर हीच तुझी आई असं सांगणारं कोणी राहणार नाही, हे मास्तरांना रोज खात होतं.

चौकटींच्या काचा मावशीच तयार करायची. महायुद्धापासून नवी काच परवडत नव्हती. वामन भंगारवाल्याकडे मात्र एका मापाच्या जुन्या, काळवंडलेल्या काचा पेटीभर मिळाल्या. मावशी त्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून राखेने घासायची. काळं गेलं की नाही ते बोटांना कळतं, म्हणायची. राणीसाहेबांच्या काचेचा एक कोपरा उडालेला होता. मास्तरांनी तो लाकडी पट्टीखाली दडवला.

मथुराबाईचा फोटो काढणारे पंडित फोटोवाले बरीच वर्षं लेकीकडे नागपूरला होते. ते शाहपूरला परतल्याचं कळताच मास्तर बैलगाडी घेऊन गेले आणि म्हाताऱ्याला घरी घेऊन आले. पंडितांनी भिंत बघितली, राणीसाहेबांच्या कंठ्याचं कौतुक केलं. मग मास्तरांनी दुसऱ्या प्रतीचं विचारलं.

"नाही जी. एकच कागद काढला होता. मग काचेचा कोपरा माझ्याच हातून उडाला. पण काच मी फेकली नाही."

"कुठली काच?"

पंडित हसले. "मास्तर, फोटो पहिले काचेवर उतरतो. उलटा. गोरं ते काळं, काळं ते गोरं. काच शाबूत असली तर कागद आजबी काढून देतो."

मास्तरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आई हाताच्या अंतरावर आली होती. काच कुठे आहे, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

पंडितांनी मान खाली घातली. पुतण्याने दुकान मोडलं आणि काचांची पेटी वामन भंगारवाल्याला विकली, म्हणाले. "त्याच्याकडे बघून घ्या. ओळखायला सोपी आहे. तिचा कोपरा उडालेला आहे."

 भिंतीकडे बघायचा मास्तरांना धीर होईना.

चहा घेऊन आलेल्या गोदामावशीच्या कानावर एवढं शेवटचंच पडलं होतं.

"कोपरा उडालेली नं? ती तर मीच धुतली, दिगू. उन्हात धरली तं काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची कोणी बाई दिसली. मले हडळच वाटली. दोनदा घासली तिले."