दुय्यम प्रत

"तू अर्ज केला होतास का?" लेकीने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही गं बाई. किती वेळा सांगू?" सिस्टर म्हणाली.

टेबलावर परिचारिका नोंदणी कार्यालयाचं पत्र पडलं होतं. आपल्या नावाने प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मागणारा अर्ज आला आहे. तो आपण केला नसल्यास पंधरा दिवसांत कळवावे. खाली सिस्टरचं माहेरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव. सगळं बिनचूक.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत.

"कारकुनाची चूक असेल," ती म्हणाली. "जाऊ दे. पंधरा दिवस गेले की मिटेल आपोआप."

"मिटेल? आई, असं म्हणूनच माणसं बुडतात." लेक बँकेत असल्याच तक्रारी निस्तरायची. "उद्या ती बाई तुझ्या प्रमाणपत्रावर कुठल्यातरी दवाखान्यात लागेल. न शिकलेली बाई तुझ्या नावाने लोकांना सुया टोचत फिरेल! कुणी दगावलं, तर पोलीस कुणाच्या दारात येतील?"

सिस्टरने पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं.

लेकीने त्याच दुपारी कंबर कसली. पासवर्ड बदलले. बँकेला, पेन्शन कार्यालयाला कळवलं. पोलिसांत तक्रार दिली, तिची पोच घेतली. नोंदणी कार्यालयाला दोन पानी हरकत पाठवली. सिस्टर खुर्चीत बसून एकेक कडी लागताना बघत राहिली.

"तुझ्याइतकी सावध बाई मी पाहिली नाही," लेक म्हणाली. "नाव असलेला प्रत्येक कागद फाडून बादलीत भिजवतेस. निरोप समारंभाला फोटोसुद्धा काढू दिला नाहीस. आम्ही हसायचो. आणि नेमकं तुझंच नाव चोरीला जावं! नीट आठव ना. एवढं सगळं कुणाला माहीत असेल? माहेरचं कुणी?"

"माहेरचं कोण उरलंय आता?"

तिला ते जुनं वसतिगृह आठवलं. लांबलचक व्हरांडा, दोरीवर वाळणाऱ्या खळ घातलेल्या टोप्या, उकळत्या पाण्यात खडखडणाऱ्या काचेच्या सिरिंजा. तेव्हा सुया फेकून देत नसत, दगडावर घासून पुन्हा धार लावत. अर्धं शिक्षण नुसतं बघून बघूनच व्हायचं. पुढे अडतीस वर्षांच्या नोकरीत तिच्या हातून एकही चूक झाली नाही. तिच्या हातची सुई कळतसुद्धा नाही, असं पेशंट म्हणायचे. ते नाव तिने युनिफॉर्मसारखं डाग न पडू देता वापरलं होतं.

पाचव्या दिवशी कार्यालयातून बोलावणं आलं. कारकून म्हातारा होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"सकाळी त्या बाईही येऊन गेल्या," तो म्हणाला. "तुमच्याच वयाच्या. काठी टेकत आल्या."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?" लेक उसळली.

"धरून कसं ठेवणार, ताई? त्याही म्हणतात, चोर दुसरीच आहे."

"प्रमाणपत्र आहे तिच्याकडे?"

"नाही. हरवलं म्हणतात."

"आमच्याकडे मूळ आहे!" लेकीने प्लॅस्टिकमधला पिवळा कागद टेबलावर आपटला.

सिस्टरने हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे का त्यांची?"

"घ्या!" लेक हसली. "चोराची तब्येत विचारतेय. अशी आहे बघा आमची आई."

"ठीक दिसल्या," कारकून म्हणाला. "निकाल लागला, प्रमाणपत्र हातात आलं आणि तापाने धरलं, म्हणाल्या. घरच्यांनी उचलून नेलं. वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या, पुढे नोकरी काही झाली नाही. आता डोळे मिटायच्या आत प्रमाणपत्र एकदा भिंतीवर लावायचंय, एवढंच म्हणतात."

"नाटकी मेली!"

कारकुनाने कापडात बांधलेलं रजिस्टर सोडलं. "पण ताई, तुम्ही हरकतीत हे मागवायला सांगितलंत ते फार बरं केलंत. आमच्या ध्यानातही आलं नसतं. त्या काळी वसतिगृहात दाखल होताना प्रत्येक मुलीचा अंगठा घेत, सही येत असली तरी."

"बँकेत आहे मी," लेक म्हणाली. "अंगठा खोटं बोलत नाही. त्या बाईचा घेतलात ना?"

"घेतला. जुळला की नाही ते दोघींचे झाल्यावरच सांगायचं, असा नियम आहे."

"दे आई. आत्ता सोक्षमोक्ष लागेल."

सिस्टरने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. लेकीने उजवा हात बाहेर ओढला, अंगठा सरळ केला आणि शाईच्या गादीवर टेकवला.

"हात मागे काय ओढतेस अशी? तुझं नाव तुझ्यापासून कुणी हिरावून घेत नाही. मी आहे ना!"

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या फरशा पुसणाऱ्या पोरीला मेट्रनबाईंनी सांगितलं होतं, तापात घरी नेलेली ती मुलगी वाटेतच गेली, तिची पेटी आता न्यायला कुणी येणार नाही, अडगळीत टाकून दे. आणि सिस्टरने हातातलं फडकं खाली ठेवून ती पेटी उघडली होती.