टॉवेलखाली

"सरकारनं वाटून वर्ष झालं, तरी एकीचीही ब्रा बोलली नाही?" नर्सबाईनं तुळसाच्या ओसरीवर बसत विचारलं. "छातीत गाठ सापडली की बोलते ती. उन्हात वाळवता ना? उन्हावरच चार्ज होते."

तुळसाची सासू फिसकन हसली. "उन्हात? सरकारचं डोकं फिरलंय. ते टॉवेलखाली वाळत घालायचं असतं. घरात बाप्ये हायेत!"

अख्ख्या गावात हेच. अब्रू टॉवेलखाली वाळत होती आणि गाठी खुशाल वाढत होत्या.

तुळसाच्या डाव्या छातीत महिनाभर वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागत होतं. ब्रा गप्प, म्हणून तीही गप्प. आता ती उठली आणि अंगणातल्या तारेवर, भर उन्हात, ब्रा टांगली. अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या सासऱ्यानं पेपर तोंडावर धरला.

"अगं, लोक बघतील!" सासू ओरडली.

"बघू द्या, आत्याबाई."

दोन तासांनी तिनं ती घातली, तशी ब्रा खणखणीत आवाजात म्हणाली, "डावीकडे गाठ आहे. अजून लहान आहे. आजच दवाखान्यात जा."

सासू तडक आत गेली. स्वतःची ब्रा आणून तारेवर टाकली आणि नवऱ्यावर खेकसली, "सरका तिकडं! ऊन अडतंय तुमच्यानं."