अंड्याची गोलाई

बाळ झोपताच पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी कॅमेरा उचलला. फोटोग्राफीच्या वर्गाचा शेवटचा फोटो आज पाठवायचा होता: पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं, पण त्याची गोलाई दिसायला हवी. खिडकीच्या उजेडात अंडं कापून चिकटवल्यासारखं सपाट दिसत होतं. तेवढ्यात काळी शाल पांघरलेल्या सासूबाई शेजारी आल्या. “घरातलं शेवटचं अंडं, आणि तू स्थळाला पाठवायचे असल्यासारखे त्याचे फोटो काढतेस? दे, आमलेट करते.” माझी नजर अंड्यावर गेली. भिंतीवरून परतणारा उजेड त्यांच्या शालीने अडवला होता. अंड्याच्या कडेला सावली उतरली आणि ते गरगरीत होऊन कागदावरून उठलं. “आई, हलू नका.” “अगं, बाळ कुरकुरतंय.” मी दोरी ओढणारा अंगठा थांबवून बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं अंडं त्यांच्यापुढे धरलं. “जप, फुटेल,” म्हणत त्यांनी कॅमेऱ्याखाली ओंजळ धरली.