प्लगवरचे ठिपके

रामकृष्णकाकांनी गाडीच्या इंजिनातला चौथा स्पार्क प्लग काढून डोळ्यांजवळ धरला. प्लगच्या टोकाशी, पांढऱ्या चिनीमातीवर, चांदीसारखे बारीक ठिपके होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ठिपके तिथेच होते. ही चांदी पिस्टनची होती. इंजिन आतल्या आत स्वतःलाच खात होतं.

रायपूरच्या चौबे कॉलनीत, उदयच्या घराच्या पोर्चमध्ये सकाळची धांदल चालली होती. तो डिकीत बॅगा बसवत होता. त्याची बायको अर्चना स्वयंपाकघरात डबे भरत होती. त्यांची सहा वर्षांची मुलगी स्वरदा नवा फ्रॉक घालून तासाभरापासून मागच्या सीटवर ठाण मांडून बसली होती. नागपूरला मावशीचं लग्न होतं. तीनशे किलोमीटर, तेही ट्रकांच्या रस्त्यानं.

गाडी उदयनं दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. सोळा वर्षं जुनी, विलायती, लाल आणि टर्बोवाली. रायपूर राजधानी झाल्यापासून गावात नव्या कोऱ्या गाड्यांची रीघ लागली होती, पण या पठ्ठ्याचं मन बसलं ते हिच्यावर. गावातल्या मिस्त्र्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि हात वर केले. मग कोणीतरी गुढियारीच्या रामकृष्णकाकांचं नाव सांगितलं. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये चौतीस वर्षं त्यांनी टर्बोचंच काम केलं होतं.

"गाडी जुनी आहे, काका. ताकद वाढवा, पण जपून," उदय म्हणाला होता.

"वाढवायचं चिमूटभर, ऐकायचं पोटभर," काका म्हणाले होते.

निवृत्तीनंतर सहा वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आता दारात लाल गाडी उभी राहिली, अख्खा पारा-मोहल्ला बघायला जमला, आणि काकांची छाती दोन इंच फुगली. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. ती किती कोंबायची, ते एका स्क्रूनं ठरतं. काका तो स्क्रू जरासा फिरवत, मग दोघं गावाबाहेर माना रस्त्यावर गाडी पळवत. दाब जास्त झाला तर इंजिन बारीक टिणटिण करतं, तेवढं ऐकायचं आणि लगेच स्क्रू मागे घ्यायचा. पण नेमकं काय ऐकायचं, हे त्यांनी उदयला सांगितलं नव्हतं. उस्तादानं सगळे पत्ते उघडायचे नसतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. शेडमधल्या धडधडीत त्यांच्या कानातून बारीक आवाज कधीच निघून गेले होते. माणसाचं बोलणं कळे, इंजिनाची घरघर कळे. कुकरची शिट्टी कळत नसे. त्यांची बायको, शांताबाई, हे जाणून होती. "त्या पोट्ट्याले सांगून टाका," ती दोनदा म्हणाली. हे मात्र काकांना चांगलं ऐकू आलं होतं, तरी त्यांनी ऐकलं नाही.

पाच वेळा दाब वाढवला. पाचही वेळा रस्त्यावर उदयनं ॲक्सिलरेटर दाबला आणि त्यांच्याकडे पाहिलं. पाचही वेळा काकांनी डोळे मिटले, क्षणभर थांबले आणि मान डोलावली. दर खेपेला मनात काटा टोचला. दर खेपेला त्यांनी तो गिळला.

डिझेल इंजिनाला प्लग नसतो, म्हणून प्लग बघायची त्यांना सवयच नव्हती. काल शेजारचा स्कूटरवाला मिस्त्री सहज म्हणाला, "कक्का, पेट्रोल गाडी है, लंबा जाना है तो पिलग देख लेना. चांदी दिखे, तो समझो पिस्टन गया." रात्रभर ते वाक्य त्यांच्या उशाशी बसून होतं. म्हणून तर ते सकाळी न बोलावता आले होते.

आता काय? स्क्रू गुपचूप मागे घ्यावा आणि गप्प बसावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांचा हात पेचकसाकडे गेलासुद्धा. पण पिस्टनचा जो भाग झिजला तो परत थोडाच येणार होता? भर रस्त्यात, मागून ट्रक येत असताना इंजिन जाम झालं तर? स्वरदानं काचेतून त्यांना हात हलवून दाखवला. काकांना स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"उदय, बॅगा काढ. गाडी नाही जाऊन राहिली."

"काहून, काका?"

"मी फसवलं तुले. मले बारीक आवाज ऐकूच येत नाही. इंजिन टिणटिण करते का, तेच ऐकायचं होतं, अन् तेच मले येत नाही. पाच वेळा मान डोलावली, पाचही वेळा खोटी." त्यांनी प्लग पुढे केला. "पिस्टन खाल्ला मी तुया गाडीचा. पोरीले घेऊन निघाला असता तू."

ते खाली मान घालून उभे राहिले. त्यानं शिव्या द्याव्यात, आरडाओरडा करावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

उदयनं प्लग घेतला. उजेडात धरून पाहिला. मग आधी मागचं दार उघडलं, स्वरदाला उचलून बाहेर काढलं आणि आत आईकडे पाठवलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"टिणटिण?" तो म्हणाला. "ते तर तिसऱ्या खेपेपासूनच येऊन राहिलं होतं, काका. मले साफ ऐकू येत होतं. तुम्ही डोळे मिटून मान डोलावत होते, म्हणून मले वाटलं, काम जमलं म्हणजे असाच आवाज येते."